नव्या लॅपटॉपवर कोरी विंडोज ११ : मायक्रोसॉफ्टच्या फुकट इन्स्टॉलरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांचं काम इथेच होईल. विंडोजवाला नवा लॅपटॉप घेतला असेल तर कंपनीने भरून दिलेलं सगळं पुसा आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळणारी कोरी विंडोज ११ टाका, आणि हे सुरुवातीलाच करा, म्हणजे असाइनमेंट, फोटो, प्रोजेक्ट वगैरे साठायच्या आधी. पैसे लागत नाहीत, लायसन्स जात नाही आणि मशीन खरंच हलकं होतं. फक्त तयारी न करता पेनड्राइव्ह लावून बसू नका. ह्या कामात इन्स्टॉल करणं सगळ्यात सोपं आहे, खरं काम त्याच्या आधीचं आहे आणि नेमकं तेच कुणी नीट सांगत नाही, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबलाय. इन्स्टॉलरला माझे पाचपैकी चार.

लॅपटॉप माझ्या भाचीचा. ह्या वर्षी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली, ताई-दाजींनी बजेट ताणून शोरूममधून घेऊन दिला, तेराव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. कंपनीचं नाव घेत नाही कारण थोड्याफार फरकाने बऱ्याच कंपन्यांचं असंच आहे. मशीन म्हणून चांगलंय, कीबोर्ड मस्त, स्क्रीन ठीक. पण पोरगी पहिल्या दिवसापासून वैतागलेली. "मामा, हे खाली सारखं काय येतंय? मी तर काहीच डाउनलोड केलेलं नाहीये." बघितलं तर उजव्या कोपऱ्यात अँटीव्हायरसची ट्रायल, तुमचं संरक्षण संपत आलंय म्हणून लाल खूण दाखवणारी, ती बंद केली की थोड्या वेळाने क्लाउड स्टोरेजची ऑफर, ती बंद केली की कंपनीचंच एक ॲप रजिस्टर करा म्हणून मागे लागलेलं. स्टार्ट मेनूत गेम, शॉपिंगच्या साइटचा शॉर्टकट, कधी उघडणार नाही असं फोटो एडिटर. कंपनीचीच वेगवेगळी तीन ॲप्स, एक अपडेटसाठी, एक स्वागतासाठी आणि एक निव्वळ ऑफर दाखवायला. टास्क मॅनेजर उघडला तर काहीही चालू केलेलं नसताना ८ पैकी साडेपाच जीबीच्या आसपास रॅम खाल्लेली आणि स्टार्टअपची यादी स्क्रोल करावी लागत होती. पै-पै जोडून फ्लॅट घ्यावा आणि ताबा मिळाला तेव्हा आतल्या भिंतींवर बिल्डरने दुसऱ्यांच्या जाहिरातींचे फ्लेक्स लावलेले असावेत, तसं झालं हे. आणि मला ह्याचा खरंच राग येतो, कारण असा लॅपटॉप बहुतेक वेळा घरातला पहिला लॅपटॉप असतो आणि वापरणाऱ्याला वाटतं की कॉम्प्युटर म्हणजे असाच असतो, असाच हळू चालतो, असंच मधेमधे काहीतरी विचारत राहतो.

आता बरेच जण म्हणतील अनइन्स्टॉल कर ना, एवढा उद्योग कशाला. बरोबर आहे, चार-पाच ॲप्स काढून ज्यांचं भागतं त्यांनी तेवढंच करावं. पण ट्रायल अँटीव्हायरससारख्या गोष्टी विंडोजच्या खोलात ड्रायव्हर आणि सर्व्हिस बसवतात, नेहमीच्या अनइन्स्टॉलने सगळं जाईलच असं नाही, काहींना काढायला त्यांचंच वेगळं रिमूव्हल टूल उतरवावं लागतं. मग दुसरा रस्ता म्हणजे सेटिंगमधला रीसेट. तो क्लीन इन्स्टॉलसारखा, म्हणजे सगळं पुसून नव्याने विंडोज टाकल्यासारखा, दिसतो पण तसा नाहीये. लॅपटॉप कंपनी आपल्या ॲप्सचं एक पॅकेज रिकव्हरीच्या फोल्डरमध्ये ठेवून देते आणि रीसेट झाला की विंडोज ते पॅकेज परत लावते, म्हणजे पुसलं म्हणून आपण खूश आणि तासाभरात तोच अँटीव्हायरस पुन्हा कोपऱ्यात हजर. काही मशीनवर रीसेट करताना कंपनीची ॲप्स परत आणायची का असा पर्याय येतो, तो दिसला तर नाही म्हणा, पण पूर्ण कोरं पाहिजे असेल तर पेनड्राइव्हशिवाय गत्यंतर नाही.

सगळ्यात जास्त भीती लोकांना लायसन्सची असते आणि ती भीती आता खरंच सोडून द्या. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटावर स्टिकर असायचा, त्यावर २५ अक्षरांची की, स्टिकर घासला गेला की संपलं. २०१२ ला विंडोज ८ आली तेव्हापासून कंपन्या ती की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे मदरबोर्डवर कायमच्या बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्येच, टाकून देतात. इन्स्टॉलर तिथून ती आपोआप वाचतो, कुठली एडिशन आहे तेही त्यालाच कळतं, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा होम सिंगल लँग्वेज असते, ती तीच बसते. की विचारतसुद्धा नाही. नेट मिळालं की ॲक्टिव्हेट. एसएसडी बदलली तरी चालतं.

हे माहीत नसल्यामुळे काय होतं ते पण सांगतो. आमच्या इथल्या एका रिपेअरवाल्याकडे ताई आधी सहज विचारून आली होती, तो म्हणाला ठेवून जा, फॉरमॅट मारून विंडोज प्रो टाकून देतो, फुल ॲक्टिव्हेटेड, ऑफिससकट. म्हणजे काय, तर ज्या लॅपटॉपच्या किमतीत ओरिजिनल विंडोजचे पैसे आधीच भरलेत त्याच्यावर हा माणूस ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सला फसवणारं क्रॅक सॉफ्टवेअर, मारून चोरीची प्रो बसवणार, ॲक्टिव्हेटर चालावा म्हणून विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर बंद करणार, आणि वर त्याचे पैसे घेणार. त्या ॲक्टिव्हेटरमधून मशीनमध्ये काय काय शिरलं हे आपल्याला कधी कळणार नाही आणि त्याच मशीनवर आपण बँकेचं काम करणार, फी भरणार. असे खूप लॅपटॉप बघितलेत मी. ओरिजिनल की मदरबोर्डमध्ये तशीच पडून आणि वर चोरीचा माल चाललाय. दुकानात द्यायचाच असेल तर एवढंच सांगा, की जी विंडोज आलीय तीच एडिशन कोरी टाका, क्रॅक काही नको.

आता तयारी. पहिली गोष्ट ऑफिस. आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपवर ऑफिस कायमचं मिळतं, आधी होम अँड स्टुडंट असायचं, २०२४ च्या आवृत्तीपासून नुसतं होम, आणि बऱ्याच लोकांना वाटतं ते पण विंडोजसारखं आपोआप परत येईल. त्या भरवशावर राहू नका. पुसायच्या आधी वर्ड एकदा उघडा, आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करा आणि ते ऑफिस आपल्या नावावर लावून घ्या. मग अकाउंटच्या पानावर सर्व्हिसेस आणि सबस्क्रिप्शनमध्ये त्याचं नाव दिसतंय ना ते डोळ्यांनी बघा. एकदा तिथे दिसलं की तिथूनच केव्हाही परत डाउनलोड होतं. हे अकाउंट ज्याचा लॅपटॉप आहे त्याचंच असू द्या, मामाचं किंवा दुकानदाराचं नको, कारण ऑफिस त्या अकाउंटला चिकटतं. भाचीचं होतं शाळेच्या प्रोजेक्टसाठी कधीतरी काढलेलं, पासवर्ड आठवेना, तो रीसेट करून घेण्यात बराच वेळ गेला पण तो वेळ द्यायलाच पाहिजे.

दुसरं एन्क्रिप्शन. हल्लीच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन गुपचूप चालू होतं. चांगली गोष्ट आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर डेटा वाचता येत नाही, पण बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं की पुढच्या बूटला निळी स्क्रीन येऊन ४८ आकडी रिकव्हरी की मागते आणि मग घरात रडारड. ती की त्या अकाउंटच्या पानावर डिव्हाइसच्या खाली असते, तिचा फोटो काढून ठेवा किंवा वहीत लिहा. आणि ड्राइव्हवर काही जपायचं असेल तर ते आधी बाहेर काढा, हे सांगायची गरज नाही तरी सांगतो, कारण पुसल्यावर ते परत येत नाही.

तिसरं ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला एकेक हार्डवेअर चालवता यावं म्हणून लागणारी छोटी सॉफ्टवेअर, आणि माझा कापलेला गुण इथेच आहे. मायक्रोसॉफ्टच्या इन्स्टॉलरमध्ये सगळ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर नसतात आणि नवीन लॅपटॉपवर नेमका वायफायचा ड्रायव्हर नसतो असं खूपदा होतं. आणि गंमत बघा, होम एडिशनचं सेटअप नेट मिळाल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणजे वायफाय नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून वायफाय नाही. बरीच मंडळी इथे अडकतात आणि लॅपटॉप उचलून दुकान गाठतात. उपाय सोपा आहे. एकतर कंपनीच्या सपोर्टच्या पानावर मॉडेल नंबर टाकून वायफाय, चिपसेट आणि स्टोरेज हे तीन ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. किंवा अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टिथरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट केबलमधून लॅपटॉपला द्यायची सोय, चालू करा, त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लॅपटॉपला ते लॅनची वायर लावल्यासारखं दिसतं. मी भाचीच्या मशीनला हेच केलं. शिवाय चालू विंडोजमधून सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून घ्यायची सोय विंडोजमध्येच आहे, डिझम नावाच्या कमांडला एक्सपोर्ट ड्रायव्हरचा पर्याय आहे, ॲडमिन म्हणून टर्मिनल उघडून ती चालवली की मशीनवर बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर बाहेरच्या डिस्कवर येतात. नंतर डिव्हाइस मॅनेजरमधून त्या फोल्डरकडे बोट दाखवायचं की झालं. हे करून ठेवलं की निम्मी काळजी मिटते.

एक यूएसबी माउस पण जवळ ठेवा, काही लॅपटॉपवर सेटअपमध्ये टचपॅड चालत नाही. आणि कंपनीने रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवायची सोय दिली असेल तर पुसायच्या आधी ती बनवून ठेवा, कंपनीने दिला होता तसा लॅपटॉप परत करायची वेळ आली, सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मागितलं, तर हाताशी असलेली बरी.

आता ज्याचा रिव्ह्यू आहे ते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर विंडोज ११ च्या डाउनलोडच्या पानावर मीडिया क्रिएशन टूल नावाची छोटी फाइल मिळते. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, त्यावरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे ड्रायव्हर ह्याच पेनड्राइव्हवर ठेवायचे असतील तर नंतर टाका. टूल चालवायचं, भाषा निवडायची, पेनड्राइव्ह निवडायचा, बाकी सगळं तेच करतं. डाउनलोड पाच जीबीच्या आसपास धरा, त्यामुळे रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हे होणार नाही, घरी फायबर असेल त्याच्याकडे जाऊन बनवून आणा. पेनड्राइव्ह यूएसबी ३ चा घ्या, जुना असेल तर इन्स्टॉल व्हायला फार वेळ लागतो. ह्या टूलची मला आवडलेली गोष्ट म्हणजे सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून मशीन चालू होऊ न देणारं संरक्षण) बंद करावं लागत नाही, बायॉसमध्ये काही खुडबुड नाही, सरळ चालतं.

दुसरा पर्याय रुफस, हे पण पेनड्राइव्ह बनवायचंच टूल. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, एवढीशी फाइल आहे आणि आयएसओ, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉलरची अख्खी फाइल, त्यालाच डाउनलोड करायला सांगता येते. त्याची खासियत म्हणजे पेनड्राइव्ह बनवतानाच तो विचारतो, ऑनलाइन अकाउंटची सक्ती काढू का, लोकल अकाउंट कुठल्या नावाने बनवू, प्रायव्हसीचे प्रश्न टाळू का, आपोआप होणारं एन्क्रिप्शन बंद ठेवू का. ज्याला हे सगळं कळतं त्याने डोळे झाकून रुफस वापरावा. पहिल्यांदाच करत असाल तर मात्र मायक्रोसॉफ्टचंच टूल घ्या, त्यात चुकायला जागाच कमी आहे. भाचीला हे काम पुढे स्वतः करता यावं म्हणून मी मुद्दाम मायक्रोसॉफ्टचं घेतलं आणि माउस तिच्याच हातात दिला.

पेनड्राइव्हवरून बूट करायला चालू करताना बूट मेनूची की दाबायची. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक मशीनवर एफ १२, एचपीवर एफ ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एसरवर एफ १२ पण आधी बायॉसमध्ये जाऊन एफ १२ बूट मेनू चालू करावा लागतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली तेव्हापासून सेटअपचं रूप बदललंय, भाषा आणि कीबोर्ड विचारल्यावर दोन पर्याय येतात आणि इन्स्टॉलच्या खाली एक चौकोन, की सगळ्या फाइल्स, ॲप्स, सेटिंग पुसल्या जातील हे मला मान्य आहे. तो टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे चांगलं केलंय, कारण जुन्या सेटअपमध्ये अपग्रेड आणि कस्टम असे दोन शब्द असायचे आणि नवख्याला त्यातून काहीच बोध व्हायचा नाही.

मग येतं ते पान, विंडोज कुठे टाकायची. इथे जरा थांबायचं. भरलेल्या लॅपटॉपवर इथे पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांची, अख्खी रांग दिसते. भाचीच्या मशीनवर पहिलं २६० एमबीचं सिस्टिम पार्टिशन, मग १६ एमबीचं रिझर्व्ह्ड, मग मोठं सी ड्राइव्ह, मग दोनेक जीबीचं विंडोजचं रिकव्हरी आणि शेवटी कंपनीचं स्वतःचं वीसेक जीबीचं, ज्यात फॅक्टरीची इमेज असते. ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबीच दिसते, त्यातून हे वीस गेले की काय उरतं बघा. आपण रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवून ठेवलाय त्यामुळे डिस्क झिरोवरची सगळी पार्टिशन एकेक करून डिलीट केली, शेवटी एकच ओळ राहते, अनअलोकेटेड स्पेस, ती निवडून नेक्स्ट. नवीन पार्टिशन हाताने बनवायची गरज नाही, विंडोज स्वतः लागतील तेवढी बनवून घेते. पण डिलीट दाबायच्या आधी यादीत पेनड्राइव्ह किंवा दुसरी हार्ड डिस्क तर नाही ना हे साइज बघून नक्की करा, बाहेरच्या डिस्क काढूनच ठेवलेल्या उत्तम.

आता ह्याच पानावर होणारा सगळ्यात मोठा घोळ. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर ही यादी रिकामीच येते. एकही डिस्क नाही. लोकांना वाटतं एसएसडी गेली, नवा लॅपटॉप खराब निघाला. काही खराब झालेलं नसतं. ह्या मशीनमध्ये एसएसडी इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे जोडलेली असते आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसला तर इन्स्टॉलरला पलीकडचं काही दिसत नाही. लोड ड्रायव्हर असं बटण तिथेच असतं. कंपनीच्या सपोर्टच्या पानावरचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच उतरवून, मोकळा करून, त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवलेलं असलं की बटण दाबून ते फोल्डर दाखवायचं आणि दोन सेकंदांत डिस्क दिसायला लागते. मोकळा करून म्हणजे सेटअपची फाइल तशीच ठेवून चालत नाही, आतल्या आयएनएफ फाइल्स पाहिजेत. भाचीच्या मशीनवर यादी रिकामीच आली, पोरीचा चेहरा उतरला, मग फोल्डर दाखवल्यावर सगळी रांग एकदम उभी राहिली तेव्हा ती मोठ्याने हसली. दुसरा उपाय बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करायचा, एसरच्या काही लॅपटॉपवर तो पर्याय लपवलेला असतो आणि बायॉसच्या मेन टॅबवर कंट्रोल एस दाबल्यावरच दिसतो. पण बंद करायचं असेल तर इन्स्टॉलच्या आधीच काय ते ठरवा, विंडोज टाकल्यावर हे सेटिंग बदललं तर ती बहुतेक वेळा बूटच होत नाही. मी ड्रायव्हरवालाच रस्ता सुचवीन. एएमडीच्या लॅपटॉपवर ही भानगड नाही.

प्रत्यक्ष फाइल्स कॉपी व्हायला फार वेळ लागत नाही, चहा होईपर्यंत निम्मं झालेलं असतं. त्यानंतरचे प्रश्न मात्र घाईत नेक्स्ट नेक्स्ट करू नका. सुरुवातीला टाइम आणि करन्सी फॉरमॅट विचारतात तिथे इंग्लिश वर्ल्ड निवडायची एक युक्ती आहे, ती केली की पुढे एक एरर येतो, तिथे स्किप करायचं, आणि मग मायक्रोसॉफ्ट स्वतः स्टार्ट मेनूत जी बाहेरची ॲप्स डकवते ती येत नाहीत. कारण हे पण समजून घ्या, कोरी विंडोज म्हणजे अगदी शंभर टक्के कोरी नसते, लॅपटॉप कंपनीचा कचरा जातो पण मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जाहिराती थोड्याफार राहतात, त्या सेटिंगमधून बंद कराव्या लागतात. नंतर रीजन परत इंडिया करायला विसरू नका, नाहीतर स्टोअर नीट चालत नाही आणि एक्सेलमध्ये लाखाचा स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडत नाही.

अकाउंटचं बघा. सेटअपमध्येच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं तर विंडोज युजरच्या फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरंच देते. ऐश्वर्या नावाच्या पोरीचं फोल्डर अर्धवट नावाचं, आणि इंजिनिअरिंगची मुलं दिवसभर टर्मिनलमध्ये तोच पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, बघत बसतात. ते नाव नंतर बदलणं कटकटीचं आहे, म्हणून जमत असेल तर आधी लोकल अकाउंट बनवा आणि मग सेटिंगमधून मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडा. पूर्वी शिफ्ट एफ १० दाबून एक कमांड टाकली की लोकल अकाउंटचा रस्ता उघडायचा, मायक्रोसॉफ्ट तो हळूहळू बंद करत चाललंय, त्यामुळे रुफसचा पर्याय जास्त खात्रीचा. नावात स्पेस नको, देवनागरी पण नको, प्रेम आहे तरी नको, कारण प्रोग्रामिंगची काही टूल्स पाथमध्ये असं काही आलं की अडून बसतात.

डेस्कटॉप आला की आधी विंडोज अपडेट, ते दोन-तीनदा रीस्टार्ट मागेल, देऊन टाका. बहुतेक ड्रायव्हर तिथूनच येतात. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह कुठे राहिलंय का बघायचं, राहिलं असेल तर आपण काढून ठेवलेलं फोल्डर दाखवायचं. कंपनीच्या ॲप्सपैकी एक मी मुद्दाम परत टाकलं, बॅटरी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय त्यातच होती आणि हॉस्टेलवर लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असणार, तर ती सोय पाहिजेच. म्हणजे कंपनीचं सगळंच टाकाऊ असतं असं मी म्हणत नाही, पण काय ठेवायचं ते आपण ठरवू.

एक गोष्ट क्लीन इन्स्टॉलनेही हातात येत नाही. विंडोज ८ पासून अशी एक सोय आहे की लॅपटॉप कंपनी फर्मवेअरमध्येच एक प्रोग्राम ठेवू शकते आणि विंडोज बूट होताना तो स्वतःहून चालवते. म्हणजे डिस्क पूर्ण पुसा, नवी एसएसडी टाका, तरी कंपनीच्या ॲपची सूचना परत येऊ शकते. हे मुळात लॅपटॉप चोरीला गेल्यावर शोधून काढणाऱ्या सॉफ्टवेअरसारख्या कामासाठी होतं. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही मॉडेल्सवर हीच सोय वापरून कंपनीचं सॉफ्टवेअर परत परत बसतंय हे उघडकीला आलं, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत सुपरफिशचं प्रकरण गाजलं होतं. त्यात तर लॅपटॉपवर आधीच भरलेलं एक जाहिरातींचं सॉफ्टवेअर स्वतःचं रूट सर्टिफिकेट (वेबसाइट खरी आहे हे ज्याच्या भरवशावर ठरतं ते) टाकून सुरक्षित वेबसाइटच्या कनेक्शनमध्ये घुसत होतं, बँकेच्या साइट पण त्यात आल्या. अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये त्यावर लेनोव्होबरोबर तडजोड केली. तेव्हापासून एवढं उघड काही माझ्या बघण्यात आलेलं नाही, पण भरून दिलेल्या सॉफ्टवेअरकडे फक्त कटकट म्हणून बघू नये असं मला तेव्हापासून वाटतं. असूसच्या मदरबोर्ड आणि लॅपटॉपवर आर्मरी क्रेट हे कंपनीचं ॲप बसवायचं का असं बूट झाल्यावर विचारलं जातं ते ह्याच रस्त्याने येतं, ते बायॉसमधून बंद करता येतं. बायॉसमध्ये असं काही दिसलं तर बंद करून टाका.

फरक किती पडला? काही न उघडता रॅम चार जीबीच्या खाली आली. पंखा उगाच घरघरत नाही. झाकण उघडल्यावर लगेच कामाला लागता येतं. पॉपअप एकही नाही. ८ जीबीच्या मशीनवर हा दीड-दोन जीबीचा फरक म्हणजे ब्राउझर आणि कोड एडिटर एकत्र चालणं किंवा न चालणं. १६ किंवा ३२ जीबीवाल्यांना एवढं जाणवणार नाही हेही खरं. अँटीव्हायरस परत टाकलेला नाही, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू झाला, कॉलेजच्या पोरीला तेवढा पुरे.

शेवटचं काम मराठीचं. सेटिंगमध्ये भाषेत जाऊन मराठी घाला आणि कीबोर्डमध्ये मराठी फोनेटिक निवडा, २०१९ पासून तो विंडोजमध्येच आहे, त्यामुळे बाहेरचं कुठलं टायपिंगचं सॉफ्टवेअर उतरवू नका. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी बदलतं. सिंगल लँग्वेज एडिशनवर हे चालत नाही असा एक गैरसमज आहे, ती अट मेनूच्या भाषेला आहे, टायपिंगला नाही.

आणि हे सगळं ज्या लॅपटॉपबरोबर विंडोज विकत आलीय त्याच्यासाठी. स्वस्त पडतो म्हणून डॉस किंवा उबुंटूवाला घेतला असेल तर मदरबोर्डमध्ये की नसते, इन्स्टॉल होईल पण ॲक्टिव्हेट होणार नाही. तेव्हा घेतानाच बिलावर विंडोज लिहिलंय का ते बघा, आणि ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांत मिळणाऱ्या कीच्या नादी लागू नका, त्या कुठून आलेल्या असतात ते सांगता येत नाही आणि उद्या बंद पडल्या तर दाद मागायला कुणी नसतं.